डार्विन पंधरा वर्षं एका चिकट पानात काय शोधत होता?

सप्टेंबरात साताऱ्याच्या कास पठारावर गेलात, तर फोन घेऊन गुडघ्यावर बसलेली माणसं हमखास दिसतात. बहुतेकांचा कॅमेरा जांभळ्या-निळ्या फुलांवर असतो. पण एखादा जरा बाजूला, ओलसर खडकापाशी, अगदी नाक जमिनीला लावून बसलेला असतो. तो बहुधा दवबिंदूचा फोटो काढत असतो. दवबिंदू म्हणजे ड्रोसेरा, शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात घटपर्णीच्या शेजारी भेटलेली तीच कीटकभक्षी वनस्पती. लांबून पाहिलं तर लालसर गवताचं पातं वाटतं. मॅक्रो मोड लावला की पानावरचे केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चमकणारा थेंब आणि त्यात अडकलेलं चिलट दिसतं.

हे असे फोटो गेली काही वर्षं इन्स्टाग्रामवर भरपूर फिरतात. त्यांच्या खाली एक कमेंट ठरलेली असते, एआय आहे का हे? नाही, खरं आहे. आणि दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने कॅमेऱ्याशिवाय, नुसत्या भिंगातून हेच सगळं पाहिलं, मोजलं आणि लिहून ठेवलं. त्याचं नाव चार्ल्स डार्विन. उत्क्रांतीवाला डार्विन आपल्याला माहीत असतो, माकडाच्या चित्रासकट. दवबिंदूवाला डार्विन फारसा कुणी सांगत नाही. तर आज तो.

सुट्टीवर गेला आणि अडकला

थोडी पार्श्वभूमी. डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९चा, इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावातला. १८३१ ते १८३६ बीगल जहाजावरून जगप्रवास, १८३९ मध्ये मामेबहीण एमा वेजवुडशी लग्न, १८४२ पासून केंट परगण्यातल्या डाऊन गावी मुक्काम. या घरातून तो पुढची चाळीस वर्षं फारसा हललाच नाही. पोटाचं दुखणं, उलट्या, थकवा यांनी त्याला आयुष्यभर छळलं. दहा मुलं झाली, त्यातली सात मोठी झाली. लाडकी ॲनी १८५१ मध्ये दहाव्या वर्षी गेली. शेवटचं बाळ १८५८ मध्ये गेलं.

२४ नोव्हेंबर १८५९ला ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झालं आणि गदारोळ सुरू झाला. ३० जून १८६०ला ऑक्सफर्डमध्ये बिशप विल्बरफोर्स आणि हक्सली यांची ती गाजलेली खडाजंगी झाली. ज्याच्या पुस्तकावरून हे चाललं होतं तो डार्विन तिथे नव्हता. तो पाण्याच्या उपचारांसाठी एका आरोग्यधामात पडून होता. घरात मोठी मुलगी हेन्रिएटा आजारी. जुलैमध्ये सगळं कुटुंब ससेक्समधल्या हार्टफिल्डला, एमाच्या बहिणींकडे राहायला गेलं.

तिथल्या माळरानावर फिरताना त्याला गोल पानांचा ड्रोसेरा दिसला. कासला दिसतो त्याच कुळातला, पण वेगळी जात. पानांवर बरेच किडे चिकटलेले. किडे अडकतात हे त्याआधीही लोकांना ठाऊक होतं. पण डार्विनने सहज म्हणून डझनभर रोपं उपटली आणि मोजायला बसला. पूर्ण उमललेली पानं ५६. त्यातल्या ३१ पानांवर मेलेले किडे किंवा त्यांचे अवशेष. एका मोठ्या पानावर तर तब्बल १३ किड्यांचे अवशेष होते.

निम्म्याहून जास्त पानांवर शिकार असेल, तर तो अपघात कसा म्हणायचा? प्रश्न एवढाच होता. पण तो त्याला सोडेना. शरद ऋतूत हेन्रिएटाच्या तब्येतीसाठी सगळे ईस्टबोर्नला समुद्रकिनारी गेले, तेव्हाही त्याचे प्रयोग चालूच होते. त्या नोव्हेंबरात भूगर्भशास्त्रज्ञ मित्र लायलला त्याने कळवलं, की जगातल्या सगळ्या प्रजातींच्या उगमापेक्षा सध्या मला ड्रोसेराची जास्त पडली आहे. पुस्तकावरून देश पेटलेला असताना! एमाने तर एका पत्रात नवऱ्याची थट्टाच केली, की हा त्या रोपाला जिवंत प्राण्यासारखं वागवतो आणि शेवटी तो प्राणीच आहे हे सिद्ध करण्याची त्याला आशा असावी.

यात एवढं मोठं काय होतं?

आज आपल्याला कीटकभक्षी वनस्पती म्हटलं की काही वाटत नाही, कारण दुसऱ्या-तिसऱ्या मार्काचा प्रश्न म्हणून पाठ केलेलं असतं. त्या काळी मात्र वनस्पती खालच्या पायरीवर, प्राणी वरच्या, अशी उतरंड पक्की होती. प्राण्यांनी वनस्पती खायच्या. उलटं कसं होईल? वनस्पतींचं वर्गीकरण करणाऱ्या थोर लिनियसकडे १८व्या शतकात अमेरिकेतल्या व्हीनस फ्लायट्रॅपचं वर्णन पोचलं होतं. पान मिटतं हे त्याने मान्य केलं, पण ते किड्याला खातं हे काही मानलं नाही.

आणि डार्विनसाठी यात आणखी एक पणाला लागलं होतं. सगळ्या सजीवांचं मूळ एक असेल, तर प्राणी आणि वनस्पती यांच्यामधली भिंतही आपण समजतो तेवढी जाड नसावी. वनस्पतीला स्पर्श कळतो, ती हालचाल करते आणि आपल्या पोटासारखं पचवते, हे दाखवता आलं तर त्या भिंतीला मोठं भगदाड पडणार होतं. दाखवता आलं नाही, किंवा घाईत चूक झाली, तर टीकाकार तयारच बसले होते. म्हणून तो थांबला. मधे ऑर्किड, वेली, पाळीव प्राणी, मानवाचा उगम अशी एकामागून एक पुस्तकं लिहिली. १८६३ मध्ये घरी काचेचं उबदार रोपघर बांधून घेतलं. ड्रोसेराची वही उघडीच राहिली. १८७२ नंतर त्याने हा विषय पुन्हा पूर्ण ताकदीने हातात घेतला.

मेनू कार्ड वाचण्यासारखं आहे

ड्रोसेराच्या पानावरच्या केसांना डार्विन टेंटॅकल म्हणतो, आपण स्पर्शक म्हणू. त्याने ३१ पानांवरचे स्पर्शक मोजले. सरासरी १९२, सर्वांत कमी १३०, सर्वांत जास्त २६०. आता हे मोजायला किती वेळ लागला असेल, विचार करा. स्क्रीनवर झूम करून मोजायची सोय नव्हती. पान भिंगाखाली धरायचं आणि एक-एक मोजत जायचं.

मग खायला घालणं सुरू झालं. कच्चं मांस, भाजलेलं मांस, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, चीज, दूध, लाळ, मूत्र. दुसरीकडे ज्यात नायट्रोजन नाही असे पदार्थ, म्हणजे साखरेचं पाणी, डिंक, स्टार्च, ऑलिव्ह तेल, पातळ केलेला अल्कोहोल. याशिवाय काचेचे कण, राख, कापूस, केस. नायट्रोजनयुक्त द्रव ६४ पानांवर टाकले, त्यातल्या ६३ पानांचे स्पर्शक नीट आत वळले. नायट्रोजन नसलेले द्रव ६१ पानांवर टाकले, तिथे कुणीच हललं नाही.

मी इंजिनीअरिंगला असताना प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये रीडिंग कशी ‘बसवली’ जायची ते आठवतं. ग्राफ सरळ रेषेत यायलाच हवा म्हणून आधी रेष काढायची आणि मग त्यावर ठिपके. म्हणूनच ६४ पैकी ६३ हा आकडा मला फार आवडतो. त्या एका न हललेल्या पानालाही हिशेबात जागा मिळाली आहे.

पाण्याचा थेंब टाकला तर पान ढिम्म. पावसाला रोज प्रतिसाद देत बसलं तर रोप दमून जाईल. काडीने एकदा जोरात टोचलं तरी काही नाही, तीन-चार वेळा स्पर्श केला की मात्र वळतं. माळरानावर वाऱ्याने शेजारचं गवत सारखं घासत असतं, त्यामुळे एखाद्या धक्क्याकडे दुर्लक्ष करणंच परवडतं. मांसाचा कण ग्रंथीवर ठेवला की भिंगातून पाहताना दहा सेकंदांत स्पर्शक वळायला लागल्याची त्याची नोंद आहे. पूर्ण मिठी बसायला एक ते चार-पाच तास लागतात आणि ती दिवसेंदिवस टिकते, कधी आठवडाभरसुद्धा.

पचनाचा प्रयोग तर स्वयंपाकघरात करण्यासारखा. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचे साधारण सव्वा मिलिमीटरचे चौकोनी तुकडे पानावर ठेवायचे. आधी कडा गोलसर होतात, मग तुकडा पारदर्शक होत विरघळून जातो. आता त्यात सोड्याचं द्रावण टाकून आम्ल मारलं की विरघळणं थांबतं. परत थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल दिलं की पुन्हा सुरू. आपल्या जठरात होतं तेच. आम्लाच्या तपासणीसाठी त्याने एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाची मदत घेतली.

यात एक भारतीय धागाही आहे. भारतात बरीच वर्षं वैद्यकीय सेवेत असलेले आणि इथल्या सापांवर काम करणारे जोसेफ फेअरर यांच्याकडून डार्विनला नागाचं विष मिळालं. तेही त्याने पानावर टाकून पाहिलं. माणूस मारणारं विष ड्रोसेराला मारत नाही, उलट उत्तेजित करतं, असं निघालं.

एका ग्रॅमचे बारा लाख भाग

सर्वांत चक्रावणारा भाग वजनाचा. किती हलकी वस्तू या पानाला कळते? डार्विनने माणसाच्या केसाचा ०.२ मिलिमीटर लांबीचा तुकडा ग्रंथीवर ठेवला. स्पर्शक वळला. असा तुकडा कुठल्याच तराजूवर तोलता येणार नव्हता. म्हणून ठराविक लांबीचा केस अचूक तराजूत तोलून घ्यायचा आणि त्या प्रमाणात तुकड्याचं वजन काढायचं, ही युक्ती. उत्तर आलं ०.०००८२२ मिलिग्रॅम. एका ग्रॅमचे बारा लाख भाग केले तर त्यातला एक. शिवाय तुकडा घट्ट द्रवावर टेकलेला, म्हणजे ग्रंथीवर प्रत्यक्ष पडणारा भार याहूनही कमी. आपल्या जिभेवर असा तुकडा ठेवला तर आपल्याला कळणारही नाही.

रसायनाच्या बाबतीत आकडा आणखी खाली गेला. अमोनियम फॉस्फेटचा ०.०००००३२८ मिलिग्रॅम एवढा अंश एका ग्रंथीला पुरेसा होता. ग्रॅमचे तीस कोटी भाग करा. या संवेदनशीलतेने तो स्वतःच घाबरला होता, असं त्याच्या पत्रव्यवहारातून दिसतं. इतका लहान आकडा छापला तर लोक हसतील, ही भीती साधी नव्हती. म्हणून पुन्हा-पुन्हा करून पाहिलं.

फोटो का नाहीत?

आता मॅक्रोकडे येऊ. डार्विनला फोटोंचं वावडं होतं असं अजिबात नाही. १८७२च्या त्याच्या भावमुद्रांवरच्या पुस्तकात हेलिओटाइप तंत्राने छापलेली फोटोंची सात पानं आहेत. फोटो वापरणाऱ्या अगदी सुरुवातीच्या विज्ञानग्रंथांत त्याची गणना होते. प्रकाशक जॉन मरे यांनी तेव्हाच बजावलं होतं, की हे फोटो नफ्याला मोठं भोक पाडतील.

१८७५च्या ‘इन्सेक्टिव्होरस प्लँट्स’मध्ये मात्र ३० चित्रं आहेत, सगळी रेखाटनं. बहुतेक जॉर्ज आणि फ्रान्सिस या त्याच्या दोन मुलांनी काढलेली. पहिलंच चित्र ड्रोसेराच्या पानाचं, वरून पाहिलेलं, चारपट मोठं केलेलं.

हे चारपट लक्षात ठेवा. कॅमेऱ्याच्या भाषेत वस्तू जेवढी आहे तेवढीच सेन्सरवर उमटली तर त्याला १:१ म्हणतात, तिथून मॅक्रो सुरू होतो. ४:१ म्हणजे एक्स्ट्रीम मॅक्रो. आजही त्यासाठी खास लेन्स किंवा उलटी लावलेली लेन्स, घोडा-ट्रायपॉड, फ्लॅश असा सगळा सरंजाम लागतो. अडचण फोकसची. इतक्या जवळून पाहिलं की फोकसमध्ये राहणारा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास उरतो. एका स्पर्शकाचा थेंब लख्ख दिसतो आणि त्याचाच देठ धूसर होतो. म्हणून फोटोग्राफर फोकस थोडा-थोडा सरकवत पन्नास-शंभर फोटो काढतात आणि सॉफ्टवेअरने एकत्र जोडतात. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. वाऱ्याची झुळूक आली की गेलं सगळं. आणि नुकतीच शिकार मिळालेलं पान असेल, तर पहिला फोटो आणि शंभरावा फोटो यांच्यामध्ये स्पर्शक सरकलेला असतो, मग जोडलेल्या चित्रात त्याला दोन टोकं येतात.

भिंगातून पाहणाऱ्या माणसालाही फोकसचा हाच पातळ थर मिळतो. फरक एवढाच, की तो भिंग वर-खाली करत राहतो आणि जोडणी डोक्यात होते. जॉर्ज आणि फ्रान्सिस यांची चित्रं म्हणजे एका अर्थी हाताने केलेलं स्टॅकिंगच. डाऊनच्या घरी डार्विनकडे १८४७ मध्ये घेतलेला चांगला संयुक्त मायक्रोस्कोप होता, पण पुष्कळसं काम तो साध्या एका भिंगाच्या उपकरणावरच करत असे.

विजेचा झटका आणि एक चूक

व्हीनस फ्लायट्रॅपची रोपं त्याला क्यू गार्डनमधल्या जोसेफ हूकर या जिवलग मित्रामुळे मिळत. या पानाचे दोन पंख सेकंदाच्या दहाव्या भागात मिटतात. इतक्या वेगात हालचाल होते तर आत काहीतरी मज्जातंतूसारखं धावत असणार, असं डार्विनला वाटलं. त्याने शरीरशास्त्रज्ञ जॉन बर्डन सँडरसन यांना पान तपासायला सांगितलं. १८७३ मध्ये सँडरसन यांना पानात खरोखरच विद्युत संदेश सापडला, प्राण्याच्या स्नायूत दिसतो त्या धर्तीचा. वनस्पतीत वीज! आज प्लँट इलेक्ट्रोफिजिऑलॉजी नावाची जी शाखा आहे, तिची सुरुवात इथून धरतात.

सगळंच बरोबर आलं असं नाही. युट्रिक्युलेरिया, म्हणजे आपल्या कासवरची सीतेची आसवे, हीसुद्धा कीटकभक्षी. तिची फुलं सगळे टिपतात, पण सापळे फोटोत येतच नाहीत, ते ओल्या मातीत किंवा पाण्यात दडलेले बारीक फुगे असतात. अमेरिकेत न्यू जर्सीला राहणाऱ्या मेरी ट्रीट या निरीक्षक महिलेने अशा फुग्यांत अडकणारे जीव मायक्रोस्कोपखाली तासन् तास पाहिले आणि डार्विनला कळवलं. त्याने पुस्तकात तिच्या नावानिशी ते दिलं. पण फुग्याचं दार उघडतं कसं, यावर डार्विनचं मत होतं की जीव स्वतःच डोकं खुपसून आत शिरतात. प्रत्यक्षात फुगा आतलं पाणी बाहेर टाकून ताणून बसलेला असतो आणि केसाला धक्का लागताच शिकार आत ओढून घेतो. हे सगळं एका मिलीसेकंदापेक्षा कमी वेळात होतं. सेकंदाला हजारो फ्रेम टिपणारे कॅमेरे आल्यावरच ते टप्प्याटप्प्याने पाहता आलं. कितीही धीर धरला असता तरी डोळ्याला हे दिसणार नव्हतं.

राहिलेला प्रश्न

२ जुलै १८७५ला पुस्तक बाहेर आलं. साडेचारशेहून जास्त पानं. पान पकडतं, पचवतं, शोषतं, इथपर्यंत पुरावा भक्कम. पण टीकाकारांनी नेमकी दुखरी जागा शोधली. खाल्ल्याने रोपाचा फायदा होतो का? कीटक न मिळताही ड्रोसेरा काचेखाली छान वाढतो, मग हा सगळा खटाटोप कशासाठी? ज्या माणसाचा सगळा सिद्धान्त उपयोगाच्या गुणांच्या निवडीवर उभा होता, त्याच्यासाठी हा प्रश्न साधा नव्हता. आणि याचं मोजून दिलेलं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

उत्तर घरातूनच आलं, पण त्याआधी घरावर दुःख कोसळलं. फ्रान्सिस हा डॉक्टरीचं शिक्षण घेऊन वडिलांचा मदतनीस झालेला. सप्टेंबर १८७६ मध्ये त्याची तरुण पत्नी एमी बाळंतपणात गेली. बाळ वाचलं. फ्रान्सिस तान्ह्या बर्नार्डला घेऊन डाऊनला आई-वडिलांकडे राहायला आला. साठी उलटलेल्या एमा आणि चार्ल्सच्या घरात पुन्हा एकदा पाळणा हलला.

पुढच्या उन्हाळ्यात याच घरात फ्रान्सिसने ड्रोसेराची रोपं ताटल्यांमध्ये लावली. प्रत्येक ताटलीत मधे आडोसा. एका बाजूच्या रोपांना भाजलेल्या मांसाचे बारीक कण, दुसऱ्या बाजूला उपास. वर जाळी, म्हणजे चोरून किडे खायला नकोत. उन्हाळ्याअखेर नुसती पानं पाहिली तर फरक बेताचाच. पण बिया मोजल्या तेव्हा चित्र पालटलं. उपाशी रोपांच्या १०० बिया धरल्या, तर खाऊ घातलेल्या रोपांच्या जवळपास २४०. एकूण वजनात हे प्रमाण १०० ला ३८० पर्यंत गेलं. आधीच्यांनी पानांकडे बघून फायदा नाही म्हटलं होतं, तो फायदा बियांमध्ये जमा होत होता. १८७८ मध्ये हे निष्कर्ष लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे आले, म्हणजे ज्याने हे मानलं नव्हतं त्या लिनियसच्याच नावाच्या संस्थेत.

बाप-लेकांनी मिळून १८८० मध्ये वनस्पतींच्या हालचालींवर आणखी एक जाडजूड पुस्तक काढलं. १९ एप्रिल १८८२ला डार्विन डाऊनच्या घरी वारला. आठवड्याने, २६ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचं दफन झालं. ‘इन्सेक्टिव्होरस प्लँट्स’ची दुसरी आवृत्ती १८८८ मध्ये निघाली. ती फ्रान्सिसने तयार केली. वडिलांच्या मूळ मजकुरात स्वतःची भर घालताना ती वेगळी कळावी म्हणून त्याने चौकोनी कंस वापरले.